समुद्रासमोरचं टेबल आणि शिळी सुरमई

नाताळ-जानेवारीच्या फिरतीनंतर दरवर्षी येतात तशी यंदाही कोकणातल्या जेवणाबद्दलची पत्रं आली, त्यातली निम्म्याहून जास्त तक्रारीचीच. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यात बहुतेकांचं दुखणं एकत्र आलंय असं एक मोठं पत्र घेतलंय आणि बाकी छोटी छोटी. हॉटेलांची नावं काढून टाकलीत, ती मला वेगळं पत्र पाठवून विचारू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो, मी, बायको, मुलगा आणि आई-बाबा. सिंधुदुर्ग किल्ला बघून बोटीतून परत आलो तर दुपारचे दोन वाजून गेलेले, सगळ्यांना कडकडून भूक, ड्रायव्हर म्हणाला साहेब एक सी-टच हॉटेल आहे, सगळे टुरिस्ट तिथेच जातात. जागा खरंच एक नंबर, पायाखाली वाळू आणि समोर समुद्र. पण जेवण बघून डोकंच फिरलं. सुरमईचा तुकडा खाकऱ्याएवढा पातळ, वर रव्याचं जाड कवच आणि आत चिवट. पापलेटसमोर मेनूत नुसतं एपीएस (ऍज पर साईज) लिहिलेलं, वेटरला विचारलं तर म्हणाला मीडियम आहे सर, आला तो माझ्या तळहाताएवढा. आमटी लालभडक, टोमॅटोची. सोलकढी रोझ मिल्कसारखी गुलाबी. बिल असं: सुरमई थाळी ३ × ६५० = १,९५०, व्हेज थाळी ३५०, पापलेट १,६००, कोळंबी फ्राय ४५०, जादा सोलकढी १६०, पाणी १२०. झाले ४,६३०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ४६३, मग या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, एकूण ५,३४८. काउंटरवर बोललो तर मालक म्हणाला सीझन आहे साहेब, या दिवसांत सगळीकडे हेच. बाबा म्हणाले जाऊ दे, सुट्टीचा मूड घालवू नको, म्हणून भरले पैसे. समुद्राच्या एवढ्या जवळ बसून मासा शिळा कसा काय मिळतो हो? आणि आता काही करता येतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: आधी एक सांगा, तुम्ही जेवत होतात तेव्हा तुमचा ड्रायव्हर कुठे होता? बहुतेक मागच्या बाजूला बसून फुकट जेवत असणार, आणि निघताना त्याच्या हातात काहीतरी टेकवलं गेलं असणार. सगळे ड्रायव्हर तसे नसतात, पण टुरिस्टच्या गावात ही पद्धत आहे आणि ते पैसे कुठून येतात हे सांगायला नको. पुढच्या वेळी ड्रायव्हरला "चांगलं हॉटेल दाखव" म्हणू नका, "तू स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जेवलास तर कुठे जेवशील" असं विचारा. उत्तर वेगळं येतं, करून बघा.

आता मासा शिळा का, तर याचं कारण समुद्रात नाही, गिऱ्हाइकात आहे. एसटी स्टँडमागच्या खानावळीत रोज जेवणारे लोक म्हणजे बँकेतले, कोर्टातले, बाजारात आलेले. त्यांना एक दिवस वाईट बांगडा वाढला तर उद्या ते शेजारी जातील आणि गावभर सांगतील ते वेगळंच. तुम्ही मात्र पुण्याचे, एकदा जेवलात, परत याल तर पाच वर्षांनी, आणि तुम्ही नाही आलात तरी उद्या दुसरी गाडी येतेच आहे. म्हणजे चांगलं वाढून त्या मालकाला मिळणार काय? जागेचं भाडं, नाहीतर जागा विकत घेताना काढलेलं कर्ज, हे त्याला समुद्राच्या व्ह्यूवरच वसूल करायचं असतं. तुम्ही ६५० रुपये दिलेत त्यातले किती माशाचे आणि किती वाळूचे याचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरं म्हणजे बंदरावर उतरलेला मासा त्याच बंदरावर राहतो हा गैरसमज आहे. मालवण घ्या नाहीतर दापोलीजवळचं हर्णै घ्या, लिलाव होतो, मोठी सुरमई, मोठा पापलेट, मोठी कोळंबी व्यापारी उचलतात आणि बर्फात घालून मुंबई, गोवा, कोल्हापूर नाहीतर एक्स्पोर्टला रवाना करतात. नाताळात गावात माणसं दुप्पट-तिप्पट होतात, पण समुद्राला काय माहीत नाताळ आहे ते! आणि येणारा प्रत्येक जण सुरमई आणि पापलेट हीच दोन नावं घेतो. मग आठवडाभर आधी घेऊन फ्रीजरमध्ये ठेवलेला माल निघतो. फ्रीजरमधला मासा वाईटच असतो असं मी म्हणणार नाही, नीट गोठवला आणि हळूहळू सोडवला तर ठीक लागतो, पण गर्दीच्या वेळी तो पाण्याखाली धरून घाईने सोडवतात, पुन्हा उरला की पुन्हा आत टाकतात, आणि त्यातून तुम्ही म्हणता तो चिवटपणा येतो. ताज्या सुरमईच्या तुकड्याला तळल्यावर बोट लावलं की पाकळ्या सुट्या होतात, आत ओलावा असतो, मधल्या काट्यापासून मांस आपोआप सुटतं. रव्याचं जाड कवच म्हणजे मला तरी नेहमी शंका येते. घरी आम्ही रवा लावतो तो नुसता भुरभुरवल्यासारखा, बरेच जण तर तांदळाचं पीठच लावतात.

तुकडा नक्की सुरमईचाच होता ना हेही बघायला हवं होतं. गेदर म्हणजे कुपा, इंग्रजीत ट्यूना, तो पण गोल तुकडे करून तळतात, त्याचं मांस काळपट-लालसर आणि कोरडं असतं, भाव सुरमईपेक्षा खूप कमी. मसाल्यात आणि रव्यात घोळवला की फोटोत फरक कळत नाही, चवीत कळतो. गेदर खायला वाईट नाही हां, पण गेदरच्या भावात खायचा. आणि "फिश टिक्का", "फिश फिंगर" अशा नावाखाली जे पांढरंफेक, बिनकाट्याचं, कशाचाच वास नसलेलं येतं तो बहुतेक वेळा बासा, तळ्यात वाढवलेला, गोठवून आलेला. बासा खायला समुद्रावर कशाला जायचं, तो नागपुरातही मिळतो.

लाल आमटीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. आमच्याकडे माशाच्या आमटीला ओल्या खोबऱ्याचं वाटप असतं, त्यात धणे, मिरची, हळद, आंबटाला कोकम नाहीतर चिंच, रंग येतो केशरी. बांगडा असेल तर तिरफळं (मिऱ्यासारखा झणझणीत मसाला) ठेचून टाकायची, त्याशिवाय बांगड्याची आमटी ही आमटीच नाही. कांदा-खोबरं भाजून केलेलं काळपट वाटप मटण-कोंबडीचं. टुरिस्ट हॉटेलात काय करतात की कांदा-टोमॅटोची एकच ग्रेव्ही सकाळी मोठ्या टोपात करून ठेवतात, तीच सुरमईला, तीच कोळंबीला, तीच अंड्याला, आणि थोडं क्रीम टाकून तीच पनीरला पण. तुमच्या त्या एका व्हेज थाळीतली भाजी आठवून बघा, त्याच रंगाची होती का? सोलकढीचंही तसंच. ओल्या नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ (खारवलेला रस) यांचा रंग फिकट, जरा जांभळट गुलाबी येतो आणि थोडा वेळ ठेवली की वर-खाली थर वेगळे होतात. ढवळायची आणि प्यायची. जी तासभर ठेवूनही हलत नाही आणि चमकते ती पावडरची आणि रंगाची.

आता बिल. इथे तुम्हाला खरंच काही करता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने लावायचा नाही, आणि बिलात मिळवून त्या एकूण रकमेवर जीएसटी तर अजिबात घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, मार्च २०२५ मध्ये कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम ठेवल्या. टीप द्यायची की नाही, किती द्यायची, ते तुमच्या मर्जीवर. म्हणजे तुमचे ४६३ आणि त्यावरच्या जीएसटीचे २३, असे ४८६ रुपये त्यांनी घ्यायलाच नको होते. बिल जपून ठेवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ नंबरवर फोन करा, तक्रार नोंदवून ते हॉटेलला कळवतात आणि पुष्कळदा तेवढ्यावर पैसे परत येतात. त्यापुढे जायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे म्हणजे पुण्यातच दाखल करता येते, मालवणला हेलपाटे घालायला नकोत. पण ४८६ रुपयांसाठी एवढं करायचं का ते तुम्ही ठरवा. फोन मात्र मी तरी नक्की केला असता.

बिलावर जीएसटी नंबर आहे का तेही बघा. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरणारं, छोटं हॉटेल असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नंबरच नाही आणि ५ टक्के लावलेत, तर ते पैसे सरकारकडे चाललेले नाहीत एवढं समजा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबरही बिलावर असायला लागतो.

मासा पातळ होता, आमटी टोमॅटोची होती, ६५० जास्त वाटले, याला मात्र कायदा काही करू शकत नाही. भाव मेनूत लिहिलेला होता, तुम्ही ऑर्डर दिली, विषय संपला. एपीएसचं वेगळं. ऍज पर साईज म्हणजे साईज बघून भाव, आणि साईज तुम्ही बघितलीच नाही तर भाव कुणी ठरवला? त्यांनी. अशा वेळी कच्चा मासा ताटलीत घालून टेबलावर आणायला सांगायचं, यात लाजण्यासारखं काही नाही, चांगल्या ठिकाणी न सांगताच आणतात. डोळे बघायचे, कल्ले उचलून बघायचे लाल आहेत का, बोटाने दाबायचं, खड्डा राहतोय का. मग भाव विचारायचा, आणि तो कागदावर लिहायला लावायचा. वेटर "मीडियम" म्हणाला की किती ग्रॅम, कच्चा की तळलेला, एवढं विचारलं की त्याला कळतं समोर कोण बसलंय.

आणि तक्रार पहिल्या घासाला करायची. ताट रिकामं झाल्यावर काउंटरवर नाही. पहिला तुकडा मोडला, वास आला किंवा चिवट लागला की तिथेच वेटरला बोलवून ताट परत. बहुतेक ठिकाणी बदलून देतात, कारण शेजारच्या टेबलावर ऐकू गेलेलं त्यांना नको असतं. सगळं खाऊन मग सांगितलं तर मालक म्हणणारच, आवडलं नाही तर खाल्लं कशाला.

पुढच्या वेळी काय कराल? सकाळी नाश्ता करतानाच ज्या घरी उतरलात तिथल्या काकूंना विचारा आज बाजारात काय आलंय. खानावळीत दहाच्या आत फोन करून सांगून ठेवा, एवढी माणसं, अमुक वाजता. "घरगुती" पाटीवर विसंबू नका, ती आता चाळीस टेबलांच्या हॉटेलावरही असते. आणि सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा. सौंदाळे, तारली, बांगडा, मुडदुशे, लेपा, खाडीच्या तिसऱ्या, हे स्वस्त म्हणून ताजे मिळतात, कुणी ते फ्रीजरमध्ये साठवत नाही. समुद्र बघायचा असेल तर जेवून झाल्यावर चालत जा, त्याचं तिकीट नाही.

प्रश्न: जुलैमध्ये गणपतीपुळ्याला जायचा प्लॅन आहे, पावसाळ्यात बघायचंय कोकण. ताजे मासे मिळतील ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: पाऊस मिळेल भरपूर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. बिनयंत्राच्या होड्यांना बंदी नाही, पण त्या किनाऱ्यालगत नाहीतर खाडीतच जाणार. त्यामुळे जुलैत कुणी "एकदम फ्रेश सुरमई सर" म्हणाला की हसून पुढची पाटी बघा. ती एकतर गोठवलेली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेली, तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते म्हणून तिकडचा माल त्या दिवसांत इकडे येतो. आणि भाव मात्र डिसेंबरच्या वरचा.

त्या दिवसांत कोकणातला माणूस स्वतः काय खातो ते खा ना. पहिल्या पावसाचे, ओढ्या-नद्यांतून वर चढणारे चढणीचे मासे, खाडीचे मासे, आणि मुख्य म्हणजे सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी. सोड्यांचं (सुक्या कोळंबीचं) कालवण, सुका बांगडा चुलीत भाजून वर खोबरेल आणि सोबत गरम पेज. हॉटेलच्या मेनूवर हे दिसणार नाही, विचारावं लागेल, पण विचारलंत तर करणाऱ्याचाही चेहरा खुलतो. पुळ्याला देवळाच्या आसपास तर शाकाहारी थाळी आणि मोदक चांगलेच मिळतात, तिथे माशाच्या मागे लागूच नका.

प्रश्न: बीचवरच्या हॉटेलात २० रुपये छापलेली पाण्याची बाटली ४० ला लावली. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे ना? मी भांडलो पण तो ऐकेना.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तो ऐकणार नाही कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेलात बसून घेतलेली बाटली ही नुसती विक्री नाही, त्यात टेबल, ग्लास, सेवा सगळं येतं, म्हणून एमआरपीचं बंधन तिथे लागू नाही. मला हा निकाल आवडत नाही पण आहे तो आहे. दुकानातून, टपरीवरून घेतलीत तर एमआरपीच. तुमचा हक्क वेगळा आहे, साधं पिण्याचं पाणी मागा, तेही फुकट आणि स्वच्छ. "साधं पाणी नाही, बाटलीच घ्यावी लागेल" म्हणाले तर भांडा, तिथे मी तुमच्याबरोबर आहे.

प्रश्न: ताई, तुमचं सदर नेहमी वाचतो पण तुम्ही दर वेळी टुरिस्टचीच बाजू घेता. माझं समुद्रावर छोटं हॉटेल आहे. जूनपासून धंदा बंद, कामगारांना सांभाळायचं, लिलावात पापलेटचा भाव ऐकून पोटात गोळा येतो, त्यात लोक येतात आणि शहरातल्या थाळीचा भाव सांगतात. अर्धी थाळी ताटात टाकून जातात. एक स्टार देतात कारण काय तर वाळू गरम होती. आम्ही जगायचं कसं?
— एक हॉटेलमालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: दादा, तुमचं बरंचसं खरं आहे आणि वाळू गरम असल्याचा रिव्ह्यू मी पण वाचलाय. वर्षाचे चार महिने शटर खाली ठेवून उरलेल्या आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं, त्यात एखादं वादळ आलं की आठवडा गेला, हे शहरातून आलेल्याला दिसत नाही. पापलेट तर कमीच होत चाललाय, म्हणून तर २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा जाहीर केला, लोकांनी पिल्लं पकडू नयेत आणि खाऊ नयेत म्हणून. महाग माशाला महाग भाव घ्या, कोण नको म्हणतंय.

पण वरच्या पुण्याच्या पत्रातला राग भावावर नाही हो, लपवाछपवीवर आहे. तुम्ही रोज सकाळी एका फळ्यावर खडूने लिहा, आज काय आलंय, किती ग्रॅमचा नग, किती रुपये. आणि जे नाही ते नाही म्हणून लिहा. "आज सुरमई नाही" लिहिलेल्या हॉटेलावर माझा तर लगेच विश्वास बसतो. सुरमई-पापलेट परवडत नसेल तर बांगडा थाळी करा, तिरफळ घातलेली, आणि वेटरला ती कौतुकाने सांगायला शिकवा. गोव्यात बघा, २०२३ च्या शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) धोरणात सरकारला लिहावं लागलं की शॅकमध्ये गोव्याची फिश करी-राइस ठेवायलाच हवी, एवढी वेळ आली होती, किनाऱ्यावर पिझ्झा मिळतो आणि हुमण, म्हणजे तिथली माशाची आमटी, मिळत नाही. आपल्याकडे पनीर टिक्क्याची पाटी सोलकढीच्या पाटीपेक्षा मोठी झालीच आहे. ड्रायव्हरला द्यायचे पैसे वाचवून ते ताटात घाला असंही म्हणणार होते, पण शेजारचा देतो म्हणून तुम्हालाही द्यावे लागतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. गावातले सगळे मालक एकत्र बसलात तरच ते बंद होईल.

प्रश्न: अशा हॉटेलचा रिव्ह्यू टाकला तर ते केस करतील का? मित्राला मालकाचा धमकीचा फोन आला होता.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: घडलं तेवढंच लिहा. तारीख, काय मागवलं, काय आलं, किती घेतले, सोबत बिलाचा फोटो, त्यावरचा तुमचा फोन नंबर झाकून. "सुरमई चिवट होती, परत द्यायला गेलो तर घेतली नाही" हे चालतं. "चोर आहेत, विष घालतात" हे लिहू नका, ते सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. २०१८ मध्ये गोव्यात माशांतल्या फॉर्मॅलिनवरून (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) गदारोळ झाला तेव्हापासून पोट बिघडलं की लोक सरळ "फॉर्मॅलिन होतं" असं ठोकून देतात, तपासणी न करता तसं लिहिणं चुकीचंच. खरंच कुणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरचा कागद घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, रिव्ह्यू नंतर. धमकीचा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा, बोलणं रेकॉर्ड करा, आणि घाबरून रिव्ह्यू काढू नका. आणि जिथे चांगलं जेवलात त्याचाही टाका की, ते कुणीच करत नाही, मला या महिन्यात तसं पत्र एकच आलं, वेंगुर्ल्याच्या खानावळीचं, आणि त्या बाईंनी खानावळीचं नाव कळवलंच नाही, म्हणाल्या गर्दी होईल.